सोन्याच्या नाण्यावरचा 'डी' आणि मालकीचा प्रश्न

अमेरिकेतील जुन्या सोन्याच्या नाण्यांचे संग्राहक १८३८ सालच्या पाच डॉलरच्या एका विशिष्ट नाण्यासाठी वर्षानुवर्षे थांबायला तयार असतात. नाणे तसे छोटे. वजन ८.३५९ ग्रॅम, त्यात नव्वद टक्के सोने. आपल्याकडे जुन्या घरांत जपलेली राणी व्हिक्टोरियाची गिनी असते, तिच्यापेक्षा या नाण्यातले शुद्ध सोने किंचितच जास्त भरते. दर्शनी बाजूला एका स्त्रीचे मुख आहे आणि तिच्या केसांच्या पट्टीवर 'लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द आहे. मागच्या बाजूला गरुड. सनाच्या आकड्यांवर एक बारीकसे अक्षर आहे, 'डी'. त्याच साली फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर ते अक्षर नाही, म्हणून ते नाणे बरेच स्वस्त मिळते. खरी किंमत आहे ती त्या अक्षराची.

हा 'डी' म्हणजे डलॉनेगा. जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले हे छोटे गाव. डेन्व्हरच्या टांकसाळीनेही पुढे हेच अक्षर घेतले, पण तिची नाणी १९०६ पासूनची. सोन्याच्या नाण्यावर १८३८ ते १८६१ या काळातला 'डी' दिसला की तो डलॉनेगाचाच. संग्राहक या नाण्यांना 'फ्रंटियर' काळातली, म्हणजे सरहद्दीवरच्या दिवसांतली नाणी म्हणतात. लिलावांच्या कॅटलॉगमध्ये हा शब्द मोठ्या प्रेमाने येतो. मला बोलायचे आहे ते याच शब्दाविषयी. सरहद्द म्हटली की तिच्या पलीकडे कोणीतरी राहत असते. नाण्याच्या वर्णनात मात्र पलीकडचे लोक क्वचितच भेटतात.

आधी संग्राहकांची बाजू समजून घेऊ, कारण हा छंद तुच्छ लेखण्यासारखा नाही. १८२९ च्या सुमारास उत्तर जॉर्जियात सोने सापडल्याची बातमी पसरली आणि हजारो माणसे फावडी-घमेली घेऊन डोंगरात घुसली. सोन्याची चूर्ण-कणी हाती होती, पण तिचे नाणे करायचे तर ती फिलाडेल्फियाला पाठवावी लागे. रस्ते वाईट, वाटेत चोरीची भीती, आणि पैसे हाती यायला कित्येक आठवडे. काही काळ टेम्पल्टन रीड, ख्रिस्तोफर बेख्टलर यांच्यासारख्या खासगी कारागिरांनी नाणी पाडून ही गरज भागवली. शेवटी ३ मार्च १८३५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने तीन शाखा टांकसाळींचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्स, नॉर्थ कॅरोलायनातले शार्लट आणि डलॉनेगा ही ती तीन गावे. यंत्रे फिलाडेल्फियाहून आली. पहिले अधीक्षक म्हणून डॉक्टर जोसेफ सिंगल्टन यांची नेमणूक झाली आणि १८३८ च्या एप्रिल महिन्यात पहिली नाणी पडली.

पुढच्या तेवीस वर्षांत या टांकसाळीत सुमारे तेरा लाख ऐंशी हजार नाणी पाडली गेली. त्यांची दर्शनी किंमत साठ लाख डॉलरहून थोडी अधिक. एक डॉलर, अडीच डॉलर आणि पाच डॉलर अशी नाणी येथे होत. तीन डॉलरचे नाणे फक्त १८५४ या एकाच वर्षी झाले, तेही अवघे १,१२० नग. १८५६ सालचे अडीच डॉलरचे नाणे तर ८७४ नगच. शिवाय ही नाणी हातोहात फिरली, झिजली, पुष्कळशी वितळवली गेली. उरली ती थोडी.

या नाण्यांची घडणही अशी की कोणालाही ओळखू यावी. ठसा अनेकदा अर्धवट उठलेला, कडा अस्पष्ट, गरुडाचे पंख सपाट, केसांच्या बटा पुसट. स्थानिक सोन्यात चांदीचा अंश असल्याने काही नाण्यांवर हिरवट छटा दिसते. फिलाडेल्फियाच्या सफाईदार नाण्यांशेजारी ती गावठी वाटतात, आणि त्यामुळेच लोक त्यांच्या प्रेमात पडतात. डग विंटर यांनी या टांकसाळीच्या सुवर्णनाण्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यात प्रत्येक वर्षाच्या नाण्याची लकब, ठशातले दोष, कोणत्या अवस्थेतील नाणे किती दुर्मीळ, हे सारे बारकाईने नोंदलेले आहे. इतक्या निष्ठेने केलेल्या अभ्यासाला दाद द्यायलाच हवी. एखाद्या वस्तूकडे इतके रोखून पाहणारी माणसे आज कमी होत चालली आहेत.

माझा प्रश्न असा, की जे डोळे अक्षराच्या एका बारीक रेघेतला फरक टिपतात, त्यांना सनाचा अर्थ का दिसू नये? ते साल १८३८ आहे.

डलॉनेगा हे नावच चेरोकी भाषेतले आहे. सोन्यासाठी, पिवळ्या रंगासाठी त्या भाषेत जो शब्द आहे, त्यावरून ते आले. हा सगळा डोंगराळ मुलूख चेरोकी लोकांचा होता. हे लोक रानावनात भटकणारे नव्हते. त्यांची शेती होती, घरे होती, लिखित राज्यघटना होती. सेक्वोया या त्यांच्यातल्याच माणसाने स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली होती. १८२८ पासून 'चेरोकी फिनिक्स' हे त्यांचे वर्तमानपत्र त्या लिपीत आणि इंग्रजीत निघत होते. सोने सापडले आणि जॉर्जिया राज्याने आपले कायदे त्यांच्या मुलखावर लादले. गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकी माणसाची साक्ष न्यायालयात चालणार नाही, असे ठरले. चेरोकींनी स्वतःच्याच जमिनीतले सोने खणायचे नाही, असाही कायदा झाला. १८३२ साली राज्याने त्यांच्या जमिनीचे तुकडे पाडून गोऱ्या नागरिकांसाठी चक्क सोडत काढली. शेतजमिनीचा तुकडा १६० एकरांचा आणि सोन्याच्या पट्ट्यातला ४० एकरांचा. मालक अजून घरात राहतोय, चूल पेटलेली आहे, आणि त्याच्या घराची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाने निघते आहे, असा तो प्रकार.

चेरोकींनी शस्त्र उचलले नाही, ते न्यायालयात गेले. राज्याच्या परवान्याशिवाय चेरोकी मुलखात राहिल्याबद्दल सॅम्युअल वुस्टर या मिशनऱ्याला जॉर्जियाने तुरुंगात टाकले होते. ३ मार्च १८३२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात निकाल दिला, की चेरोकी मुलखावर जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी. कागदावर चेरोकी जिंकले. जमिनीवर काही बदलले नाही. सोडत निघायची ती निघालीच. डलॉनेगा ज्या काउंटीचे मुख्य गाव झाले, ती काउंटी त्याच वर्षी चेरोकी मुलखातून कापून काढली गेली. तिला नाव दिले लम्पकिन, म्हणजे चेरोकींच्या हकालपट्टीचा आग्रह धरणाऱ्या गव्हर्नरचे.

२९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू इकोटा येथे एक करार झाला. चेरोकींमधल्या मूठभर लोकांनी त्यावर सह्या केल्या. पन्नास लाख डॉलरच्या बदल्यात मिसिसिपीच्या पूर्वेकडचा सगळा मुलूख सोडून द्यायचा, असा तो करार. मुख्य प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य लोकांचा त्याला विरोध होता. पंधरा हजारांहून अधिक नावांचा निषेध-अर्ज वॉशिंग्टनला गेला. तरीही सिनेटने अवघ्या एका मताच्या फरकाने कराराला मान्यता दिली. जायला दोन वर्षांची मुदत होती. ती मे १८३८ मध्ये संपली.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १८३८ च्या एप्रिलमध्ये डलॉनेगाच्या टांकसाळीतून पहिले नाणे बाहेर पडले. मे महिन्याच्या अखेरीस जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या हाताखालच्या फौजेने जॉर्जियातल्या चेरोकींना घराघरांतून ओढून छावण्यांत कोंडायला सुरुवात केली. उन्हाळाभर छावण्यांत रोगराई होती. शरद ऋतूत आणि पुढच्या हिवाळ्यात हजारो लोकांना सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, आजच्या ओक्लाहोमात, नेण्यात आले. सुमारे सोळा हजार चेरोकी घराबाहेर काढले गेले. त्यांतले चार हजारांच्या आसपास मरण पावले, असा अंदाज सहसा दिला जातो. इतिहासात याला 'ट्रेल ऑफ टिअर्स', अश्रूंची वाट, म्हणतात. त्या वर्षी डलॉनेगात पाच डॉलरची २०,५८३ नाणी पाडली गेली. स्वातंत्र्याचे नाव कपाळी बांधलेली बाई त्या प्रत्येक नाण्यावर आहे.

हे सोने खणले कोणी, हाही प्रश्न आहे. सगळेच काही स्वतःच्या नशिबावर निघालेले गरीब खाणमजूर नव्हते. डलॉनेगाजवळ जॉन कॅल्हून या दक्षिणेतल्या बड्या राजकारण्याची खाण होती. गुलामगिरीचे उघड समर्थन करणारा हाच तो कॅल्हून. तिथे गुलाम राबत. चेरोकींतल्या श्रीमंतांकडेही काळे गुलाम होते, आणि अश्रूंच्या त्या वाटेवर तेही मालकांसोबत चालले, हेही सांगितले पाहिजे. जुलूम झालेला समाज आपल्या घरात निर्दोषच असतो असे नाही. म्हणून त्याच्यावरचा जुलूम कमी ठरत नाही.

१८६१ साली जॉर्जिया अमेरिकेतून फुटून निघाले आणि टांकसाळ बंडखोर दक्षिणेकडे गेली. तिथे उरलेल्या सोन्यातून त्यांनी एक डॉलरची काही नाणी पाडली. ती किती, याची अधिकृत नोंद नाही. आज डलॉनेगाच्या सगळ्या नाण्यांत या नाण्याचा बोलबाला सर्वांत मोठा. त्यात जेमतेम दीड ग्रॅम सोने आहे, पण लिलावात ते हजारो डॉलरला जाते, कारण ते निर्विवादपणे गुलामगिरीसाठी लढणाऱ्या सरकारच्या हुकुमतीखाली पडलेले नाणे आहे. कॅटलॉगमध्ये हे वैशिष्ट्य म्हणून छापले जाते. छापायलाही हरकत नाही. पण वैशिष्ट्य आणि अभिमान यांत अंतर आहे, ते वाचणाऱ्याला जाणवले पाहिजे.

यावर संग्राहक साधारणपणे म्हणतात, झाले ते वाईट झाले, पण नाण्याचा त्यात काय दोष? आणि दोनशे वर्षांनंतर विकत घेणाऱ्याचा तरी काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच परंपरेतला एक जुना ग्रंथ आठवतो.

बाराव्या शतकात मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातील बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी यांनी 'हिदाया' हा हनफी फिकहचा, म्हणजे धर्मकायद्याचा, ग्रंथ लिहिला. आपल्या मदरशांत तो आजही शिकवला जातो. वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने चार्ल्स हॅमिल्टनने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १७९१ साली छापला गेला. कंपनी सरकारच्या न्यायालयांत मुसलमानांचे खटले त्याच्या आधाराने चालत. या ग्रंथात 'गसब' या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. गसब म्हणजे दुसऱ्याची वस्तू बळाने बळकावणे. नियम साधा आहे. बळकावलेली वस्तू मूळ मालकाची, ती जशीच्या तशी परत करायची. पण वस्तूचे रूपच बदलले तर? कोणी दुसऱ्याचा गहू बळकावून त्याचे पीठ केले, तर हनफी मतानुसार तो गहू गहू राहिला नाही. पीठ बळकावणाऱ्याचे होते, पण मालकाला भरपाई द्यावी लागते, आणि ती दिल्याशिवाय त्या पिठाचा उपभोग घेता येत नाही.

मग ग्रंथकार थेट आपल्या विषयावर येतो. कोणी दुसऱ्याचे सोने किंवा चांदी बळकावली आणि तिचे दिनार किंवा दिरहम पाडले, तर? इमाम अबू हनीफा यांचे मत असे, की मालकी बदलत नाही. नाणी मूळ मालकाची, आणि तो ती काही न देता घेऊन जाऊ शकतो. कारण छाप उठवल्याने सोने सोनेच राहते. त्यांचे दोन्ही शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, असहमत आहेत. नाणे पाडण्यात कारागिरी आहे, तिने वस्तू नवी होते, म्हणून नाणी बळकावणाऱ्याची, पण मालकाला तेवढेच सोने भरून द्यावे लागेल, असे ते म्हणतात.

गुरू-शिष्यांच्या या वादात एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. मालकी गेली की राहिली यावर मतभेद आहे, पण मालकाचे देणे उरते यावर मतभेद नाही. ठशाने हिसाब मिटत नाही. टांकसाळ ही काही धुण्याची जागा नाही, जिथून बाहेर पडले की सोन्याचा मागचा इतिहास पुसला जावा. शेकडो वर्षांपूर्वीच्या या फकिहांनी डलॉनेगाचे नाव ऐकले नव्हते, पण प्रश्न त्यांनी नेमका ओळखला होता.

मी मुफ्ती नाही, आणि हा फतवा नाही. डलॉनेगाचे नाणे बाळगणे हराम आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणता येणार नाही याची कारणेही आहेत. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्या दशकात तिथले पुष्कळ सोने याच टांकसाळीत येऊन पडले. तेव्हा १८५५ च्या नाण्यातले सोने चेरोकी मुलखातले की कॅलिफोर्नियातले, हे सांगता येणार नाही. (कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांचे काय झाले, ती कहाणीही काही सुखाची नाही.) सोने वितळते, मिसळते, शेकडो हातांतून जाते. आजच्या ग्राहकाने ते पैसे मोजून, उजळ माथ्याने घेतलेले असते. त्याला लुटारू म्हणणे हा उलट अन्याय होईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असे पाहायला गेले तर जगातले कोणते सोने स्वच्छ निघेल? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण मुसलमानांनी तर टाळूच नये. आपल्याकडचे संग्राहक महमूद गझनवीच्या एका नाण्याविषयी मोठ्या कौतुकाने बोलतात. लाहोर, म्हणजे तेव्हाचे महमूदपूर, इथे १०२७-२८ साली पाडलेला तो चांदीचा दिरहम. एका बाजूला अरबी मजकूर आणि दुसऱ्या बाजूला शारदा लिपीत कलम्याचा संस्कृत अनुवाद. भाषांच्या आणि श्रद्धांच्या भेटीचा पुरावा म्हणून आपण तो दाखवतो, लेखांत त्याचे छायाचित्र छापतो, व्याख्यानांत उदाहरण देतो. ते चुकीचे नाही. पण सोमनाथच्या स्वारीला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या नाण्यातली चांदी कुठून आली हे नाण्याकडे पाहून कळत नाही, पण महमूदचा खजिना कशाने भरत होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. चेरोकींच्या सोन्याबद्दल प्रश्न विचारायचा आणि इथे गप्प बसायचे, हे इन्साफाचे लक्षण नव्हे. संस्कृत कलम्याची नवलाई सांगताना स्वारीची तारीखही सांगितली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच धातूवर आहेत.

आता जे सगळ्यांच्याच सोन्याला लागू आहे, ते कोणालाच लागू नाही असा अर्थ यातून काढायचा का? मला तसे वाटत नाही. सगळेच देणेकरी आहेत म्हणून देणे माफ होत नसते. फार तर देण्याचे स्वरूप बदलते. ज्याने लुटले त्याच्यावर परत करण्याचे देणे होते. ज्या राज्याने आणि देशाने त्यावर घरे उभारली, त्यांच्यावर ते अजून आहे. ज्याच्या हाती केवळ एक नाणे आले आहे, त्याच्यावर निदान खरे सांगण्याचे देणे आहे.

राज्यांच्या देण्याविषयी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये १८७४ साली सोने सापडले आणि करार मोडून ती डोंगराळ जमीन सू लोकांकडून काढून घेतली गेली. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घेणे बेकायदेशीर होते असे ठरवून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. सू लोकांनी आजवर तिला हात लावलेला नाही. जमीन विकायची नव्हतीच, तर तिचे पैसे कसले, असे ते म्हणतात. अबू हनीफांचे मत त्यांनी वाचले असण्याचे कारण नाही, पण त्यांचे म्हणणे तेच आहे. रूप बदलले तरी वस्तू मालकाची.

जॉर्जियानेही उशिरा का होईना काही पावले टाकली. वुस्टर आणि त्याच्या सोबत तुरुंगात गेलेल्या सहकाऱ्याला १९९२ साली राज्याने माफी जाहीर केली. शिक्षा झाल्यावर एकशे साठ वर्षांनी. दुसरीकडे अटलांटातल्या विधानभवनाच्या घुमटावर १९५८ साली डलॉनेगाचे सोने चढवले गेले, आणि ते खाणगावातून वाजतगाजत घोडागाड्यांतून आणले होते. टांकसाळीची मूळ इमारत १८७८ च्या डिसेंबरात जळाली. तिच्याच पायावर उभ्या असलेल्या महाविद्यालयाच्या इमारतीच्या मनोऱ्यावरही सोन्याचा वर्ख आहे. सोने असे दूरवरून चमकताना दिसते. ते ज्यांचे होते, त्यांचे वंशज ओक्लाहोमातल्या टॅलेक्वा इथे आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत आजही आहेत. त्यांची भाषा बोलणारे थोडे उरले आहेत. त्या भाषेतला सोन्याचा शब्द मात्र जगभरच्या नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये गावाचे नाव म्हणून छापला जातो.

मग संग्राहकाने करायचे काय? नाणे विकून टाकल्याने काही होत नाही, ते दुसऱ्याच्या कपाटात जाते. वितळवणे तर मूर्खपणा, कारण त्याने पुरावाच नष्ट होतो. माझे मत असे की नाणी जरूर जमवावीत, पण त्यांचे वर्णन पूर्ण करावे. प्रत, ठशाचा प्रकार, किती नग उरले, आधी कोणाच्या संग्रहात होते, हे सगळे नोंदवणाऱ्याला आणखी दोन ओळी जड नाहीत. 'चेरोकी मुलखात उभारलेली टांकसाळ. त्याच वर्षी तिथल्या लोकांची हकालपट्टी.' इतके पुरे. नाणेशास्त्रात नाण्याच्या मागच्या मालकांच्या परंपरेला फार मान आहे. अमुक प्रसिद्ध संग्रहातले नाणे म्हटले की किंमत वाढते. मग ती यादी पहिल्या संग्राहकापाशीच का थांबावी? ज्याच्या ओढ्यातून ते सोने निघाले, तो त्या यादीतला पहिला मालक नव्हे काय?

आणि जमवणारा मुसलमान असेल, तर आणखी दोन गोष्टी त्याच्यासाठी आहेत. एक जकातीची. दुर्मीळ नाणे हा 'छंद' आहे म्हणून सोन्याचे सोनेपण जात नाही. आपल्याकडे साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने, हा निसाब धरला जातो. पाच डॉलरच्या बारा नाण्यांत नव्वद ग्रॅमहून थोडे जास्त शुद्ध सोने असते. म्हणजे बारा नाण्यांचा डबा त्या मर्यादेपलीकडे गेला. विकण्यासाठीच घेतलेली नाणी असतील तर तो व्यापाराचा माल झाला, आणि त्याचा हिसाब बाजारभावाने करावा लागतो. तपशील आपापल्या आलिमांना विचारावेत. पण अल्बममध्ये ठेवले म्हणून गरिबाचा हक संपला, असे समजू नये.

दुसरी गोष्ट इमाम गझालींनी 'इह्या'त मांडलेली. सोन्याचांदीची नाणी आरशासारखी आहेत, असे ते म्हणतात. आरशाला स्वतःचा रंग नसतो, पण तो सगळे रंग दाखवतो. नाण्याला स्वतःचा उपयोग नसतो, पण त्यातून सगळ्या वस्तूंची किंमत कळते. म्हणून नाणी दडवून ठेवणारा माणूस त्यांना न्यायाधीशाला कोंडून ठेवणाऱ्यासारखा वाटतो. संग्राहकाचे नाणे तर चलनातून कधीच बाहेर गेलेले. ते आता बाजारात न्याय करू शकत नाही. पण इतिहासाच्या बाबतीत साक्ष देऊ शकते. बँकेच्या लॉकरमध्ये पुढच्या लिलावाची वाट पाहत पडलेले नाणे म्हणजे कोंडून ठेवलेला साक्षीदार. तेच नाणे शाळेत, प्रदर्शनात, निदान घरी आलेल्या पोराबाळांसमोर ठेवून त्याची गोष्ट सांगितली, तर साक्ष नोंदवली गेली.

जॉर्जियाच्या न्यायालयांत चेरोकींची साक्ष चालत नव्हती. त्यांचे सोने मात्र चालले, आणि अजून चालते आहे. ज्यांच्या हाती ते आहे, त्यांनी त्याला बोलू द्यावे, एवढीच अपेक्षा.